बंबा, हिला सांग

मी बंब बोलतोय. आगीचा बंब. दचकू नका, कुठेही आग लागलेली नाही. आणि लागली असती तरी माझ्याकडे धावत येऊन काही उपयोग झाला नसता, हे आमच्या चार गावांतलं शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा निवांत बसा. माझ्यासमोर आजवर भाषणं पुष्कळ झाली, पण माझं कोणी ऐकून घेतलं नाही. एक बाई तेवढी माझ्याशी बोलायची, तीही खरं तर दुसऱ्याच कोणाशी बोलायची. ते पुढे येईलच.

माझा जन्म शहरातल्या एका तांबटाच्या कारखान्यात झाला. तांबट मोठा हौशी माणूस. ठोकताना शिट्टी वाजवायचा, आणि ठोका चुकला की माझीच माफी मागायचा. त्याने मला तांब्याचं घसघशीत पोट दिलं, खाली लोखंडी धाव बसवलेली चार लाकडी चाकं दिली आणि दोन्ही अंगांना लांब दांडे दिले. माणसांनी दांडे खालीवर करायचे, की पोटातलं पाणी पाइपातून उसळी मारून थेट छपरावर. पाइप जाड कापडाचा होता, चांगला लांबलचक आणि अखंड. एका टोकाला माझं तोंड, दुसऱ्या टोकाला पितळेची तोटी. हा "अखंड" शब्द लक्षात ठेवा.

निघताना तांबटाने माझ्या पोटावर थाप मारली आणि म्हणाला, जा बाबा, लोकांच्या उपयोगी पड. बिचारा! त्याने हे लोक पाहिले नव्हते.

मला ज्यांनी मागवलं ती चार गावं. वरचं गाव, खालचं गाव, नदीकाठचं गाव आणि रानाकडचं गाव. चौघांची मिळून एक समिती. एवढ्याएवढ्याशा वस्त्यांना वेगवेगळा कारभार परवडणार नाही म्हणून सरकारने त्यांची मोट बांधलेली. पण बोली चार, प्रार्थनेच्या रीती चार, डोक्याला गुंडाळायच्या तऱ्हाही चार. वरच्यांना वाटायचं, आपण इथले मूळचे. खालच्यांना वाटायचं, मूळचे आपण, वरचे नंतर येऊन वर चढले. रानाकडचे कोणाशी फारसं बोलतच नसत आणि तेवढ्यावरूनच स्वतःला शहाणे समजत. नदीकाठच्यांचे पणजोबा कधीतरी नदीपलीकडून आले होते. पणजोबा इथेच मेले, आजोबा इथेच जन्मून इथेच मेले, तरी त्यांना बाकीचे सगळे अजून "नवीन लोक" म्हणत.

समितीच्या बैठकीत मात्र सगळे सरकारी भाषेत बोलायचे. ती चौघांनाही धड येत नसे, त्यामुळे कोणाला कमीपणा वाटत नसे. शिव्या तेवढ्या प्रत्येकाला दुसऱ्याच्या बोलीत अस्खलित यायच्या. बाकी एकमेकांचं काही शिकायचं म्हटलं की यांच्या जिभा जड व्हायच्या.

मी आलो तेव्हा चारही गावांच्या हद्दी जिथे भिडतात त्या चौरस्त्यावर माझ्यासाठी छपरी बांधून तयार होती. पहिला वाद रंगावरून झाला. बंबाला रंग कोणता द्यायचा? वरच्यांना एक हवा, खालच्यांना तो नेमका डोळ्यांत खुपायचा. तीन बैठका घालवून शेवटी ठरलं की प्रत्येक गावाने आपापल्या दिशेची बाजू आपापल्या रंगाने रंगवावी. झालं! माझ्या तांबूस अंगावर चार रंगांची ठिगळं चढली. एका दीडशहाण्याने तर असंही सुचवलं की टाकीच्या आत पत्र्याच्या भिंती घालून चार कप्पे करावेत, म्हणजे एकाचं पाणी दुसऱ्याच्या आगीवर पडायला नको. ते तेवढं बारगळलं. अक्कल आली म्हणून नव्हे, पत्रा महाग होता म्हणून.

पहिली आग त्याच वर्षी वरच्या गावात लागली. गवताची गंजी पेटली होती. तेव्हा माझा पाइप अखंड होता. दहाबारा जणांनी मला ओढत नेलं, दांडे मारले, आणि मी असा काही फवारा सोडला म्हणता, की गंजी विझलीच, शिवाय शेजारच्या गोठ्यातल्या म्हशींना आंघोळ घडली. लोकांनी माझ्या पोटावर थापा मारल्या. माझ्या आयुष्यातला एकमेव कामाचा दिवस तो. त्याची आठवण काढून मी अजून खूश होतो, आणि मग आपण किती थोडक्यात खूश होतो म्हणून चिडतो.

पाइप ओला झाला होता, म्हणून वरच्यांनी तो वाळत घातला. वाळला, पण परत आला नाही. वरचे म्हणत, आमच्याकडे कोरडी जागा आहे, राहू द्या. खालच्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. रानाकडचे काही बोलले नाहीत, पण समितीच्या बैठकीला काठ्या घेऊन आले. नदीकाठचे म्हणाले, आम्हाला नवीन म्हणता ना, मग निदान जुना पाइप तरी बघू द्या. असं ते भांडण भिजत पडलं आणि एक दिवस समितीच्या अध्यक्षांना तोडगा सुचला.

हे अध्यक्ष म्हणजे खालच्या गावातले तेलाच्या घाण्याचे मालक. लोक त्यांना "एकीवाले" म्हणत, कारण त्यांच्या प्रत्येक तिसऱ्या वाक्यात एकी यायची. घरात सख्ख्या भावाशी बोलत नसत, ते सोडा. तर एकीवाल्यांनी माझ्या छपरीसमोर उभं राहून भाषण ठोकलं. म्हणाले, पाइपाचे चार सारखे तुकडे करू. प्रत्येक गावाने एकेक तुकडा आपल्याकडे ठेवायचा. आग लागली की चौघांनी धावत यायचं, तुकडे जोडायचे आणि आग विझवायची. म्हणजे बघा, एकट्या गावाला आग विझवताच येणार नाही! हीच खरी एकी!

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो. चारही गावांनी एकदम टाळ्या वाजवल्याचं मी आयुष्यात तेवढ्याच वेळी ऐकलं. वरच्या गावच्या चांभाराने आपली धारदार रापी आणली आणि माझ्यासमोर माझा पाइप कापला.

पुढे तर कहरच झाला. एका गावाने दुसऱ्याचा तुकडा लांबवू नये म्हणून प्रत्येक गावच्या लोहाराने आपल्या तुकड्याच्या टोकांना स्वतःच्या मापाचे पितळी जोड बसवले. खालच्यांच्या लोहाराने तर आटे उलटे पाडले, म्हणजे चोराला फिरवताच येऊ नयेत. फार हुशार! चार लोहारांनी मिळून डोकं चालवलं आणि चौघांत मिळून एकालाही हे सुचलं नाही, की हे तुकडे कधीतरी एकमेकांना बसायलाही हवेत. तुकडे एकदा तरी जोडून बघायचे की नाही? नाही. दरवर्षी तपासणीच्या दिवशी चारही गावांतून तुकडे वाजतगाजत यायचे, पितळ घासूनपुसून लखलखीत केलेलं असायचं, एकीवाले भाषण करायचे, माझ्या पोटात पाणी काठोकाठ भरलं जायचं आणि तुकडे पुन्हा आपापल्या घरी. जोडले तर झिजतील ना!

अशी वर्षं गेली. मी छपरीत पोट भरून उभा. कोंबड्या माझ्या चाकांखाली अंडी घालत आणि मी ती उबवत नाही एवढंच.

मग एके दिवशी छपरीच्या शेजारच्या मोकळ्या जागेत एक जोडपं आलं. तो वरच्या गावातला सुतार, ती नदीकाठची शिंपीण. त्यांनी आपल्या मर्जीने लग्न केलं होतं आणि दोन्ही घरांनी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला होता. वरचे म्हणाले, नवीन लोकांतली सून आम्हाला नको. नदीकाठचे म्हणाले, आपल्याला नवीन म्हणणाऱ्यांचा जावई आम्हाला नको. त्या बाबतीत दोन्ही गावांचं एकमत झालं, म्हणजे एकीवाल्यांचं स्वप्न थोडंफार खरं झालं म्हणायचं.

चौरस्त्यावरची ती जागा चारही हद्दींतून उरलेली होती. एवढासा तुकडा, कोणाच्याच मोजणीत न आलेला. दोघांनी तिथे घर बांधायला घेतलं. सुतार हाताचा चांगला होता, पण डोक्याने जरा सावकाश. पहिल्या दिवशी त्याने दार बनवलं आणि भिंत नसल्यामुळे ते कुठे टेकवायचं याचा विचार करत संध्याकाळपर्यंत बसला. शिंपीण तरतरीत. ती पोट धरून हसली आणि तिने ते दार माझ्या चाकाला टेकवून ठेवलं. भिंती उभ्या राहायला वर्ष लागलं, छप्पर व्हायला आणखी एक. लाकडाचं घर होतं, फळीफळीला सुताराचा हात लागलेला. जागा निवडताना ती नवऱ्याला काय म्हणाली ते मी ऐकलं होतं. म्हणाली, आपल्या पाठीशी कोणी नाही, पण बंब तरी शेजारी आहे. मला त्या दिवशी आपल्या अंगावरच्या रंगांची लाज वाटली.

शिंपिणीकडे चारही गावांचे कपडे येत. नवीन लोकांतली असली तरी तिची शिलाई सगळ्यांना चालायची. तिच्या हातचं पाणी न पिणारे तिने शिवलेले सदरे अंगात घालून तिच्यावरच तोंडसुख घ्यायचे. तिला चारही बोली येत, कारण माप घेताना माणूस गप्प बसत नाही.

आणि मग ती बाई यायला लागली. सुताराची आई. गुडघ्यांनी थकलेली, तोंडाने मुळीच न थकलेली. लग्नाच्या वेळी तिने चारचौघांत जाहीर केलं होतं की सुनेशी जन्मात एक शब्द बोलणार नाही. बाई शब्दाची पक्की. पण पोराला बघितल्याशिवाय तिला राहवत नव्हतं, आणि यायचं तर काही निमित्त हवं. म्हणून ती शिवायचे कपडे घेऊन यायची. दर आठवड्याला. एवढे कपडे एका म्हातारीला लागतात कशाला, असं सुताराला कधी वाटलं नाही. सांगितलं ना, डोक्याने सावकाश.

ती यायची आणि घराकडे पाठ करून माझ्याशेजारच्या दगडावर बसायची. शिंपीण दारात उभी राहायची. मग म्हातारी माझ्याकडे बघत बोलायला लागायची.

"बंबा, हिला सांग, बाही सैल ठेव. माझा दंड आहे, काठी नव्हे."

शिंपीण गालातल्या गालात हसून मान डोलवायची. मग म्हातारी पुढचं सुरू करायची. बंबा, हिला सांग, माझ्या लेकाला सकाळी उपाशी कामाला बसवू नको. बंबा, हिला विचार, हा वाळला कशाने? बंबा, हिला सांग, चूल भिंतीला एवढी चिकटून मांडू नये, लाकडाचं घर आहे. कधीकधी सांगून संपल्यावरही उगाच बसून राहायची आणि माझ्या दांड्यावरची धूळ पदराने पुसायची. माझ्या अंगाला मायेने हात लावणारी तांबटानंतर तीच. पण म्हणून मी तिला सोडणार नाही. समोर दारात सून उभी, आणि ही बाई तांब्याच्या टाकीशी बोलतेय! माणसांना आपल्या शब्दाची एवढी पत्रास असते, तर मुळात असले शब्द देतात कशाला?

शिंपीणही काही कमी नव्हती. ती सासूच्या कपड्यांना मुद्दाम एखादी शिवण उसवेल अशी ठेवायची, म्हणजे म्हातारीला परत यायला निमित्त मिळावं. दोघींनाही ते ठाऊक होतं. मलाही. बोललं मात्र कोणी नाही.

आग लागली ती कोरड्या हवेच्या दिवसांत, भर दुपारी. वारा सुटला होता. चुलीतली ठिणगी उडून ओसरीवरच्या लाकडाच्या भुशात पडली आणि सुतार दाराला रंधा मारत होता, त्याच्या मागेच धूर निघायला लागला. शिंपीण ओरडली. दोघांनी भुसा तुडवून पाहिला, पण ओसरीचा खांब तोवर पेटला होता. घरात एक बादली होती ती आतच राहिली. दुसरीत बाहेर धुणं भिजत होतं. सुताराने धुणं फेकलं आणि बादली घेऊन ओढ्याकडे धावला.

शिंपीण आत घुसली. मला वाटलं, शिलाई मशीन बाहेर काढेल. तिने कपड्यांचे गठ्ठे काढले. चारही गावांचे कपडे, लोकांच्या ठेवी. तीन खेपांत सगळे गठ्ठे बाहेर आणून माझ्या छपरीत टाकले. चौथ्या खेपेला मशीनसाठी गेली तेव्हा दारातच आगीने तिला परत फिरवलं.

तोवर चारही गावांना धूर दिसला होता. आणि खोटं कशाला बोलू, चारही गावं आली. धावत आली, धापा टाकत आली. एकीवाले पुढे होते. प्रत्येक गावाने आपला पाइपाचा तुकडा खांद्यावर घेतला होता, पितळ उन्हात चमकत होतं. मला क्षणभर खरंच वाटलं, आज आपल्या जन्माचं सार्थक होणार. पोट काठोकाठ भरलेलं. घर वीस पावलांवर. एक फवारा पुरला असता.

पहिलं घोडं अडलं ते मानावर. माझ्या तोंडाला लागणारा तुकडा खालच्यांचा, तोटीचा तुकडा वरच्यांचा. तोटी धरणार कोण? वरचे म्हणाले, तुकडा आमचा, हात आमचा. नदीकाठचे म्हणाले, आत जळतंय ते आमच्या मुलीचं घर. ती यांची मुलगी आहे हे यांना त्या दिवशी आठवलं! एकीवाल्यांनी दोघांना गप्प केलं आणि तुकडे जोडायला सांगितले.

बसेनात. खालच्यांचा जोड रानाकडच्यांच्या जोडात शिरेना. शिरला तर उलट्या आट्यांमुळे फिरेना. नदीकाठच्यांचा जोड अंगठाभर मोठा. चारही लोहार एकमेकांवर धावून गेले, प्रत्येक जण म्हणे, माझं माप बरोबर. मग कोणीतरी दोरीने तुकडे एकमेकांना बांधले आणि माणसं माझे दांडे मारायला लागली. पाणी उसळून आलं, पहिल्याच जोडातून फुटलं आणि खालीच सांडलं. चारही गावांचे पाय स्वच्छ धुऊन निघाले. आगीवर थेंब पडला नाही.

सुतार ओढ्यावरून तिसरी की चौथी बादली आणून ओतत होता. त्याने हे पाहिलं आणि माझ्यावर चढून झाकण उघडायला लागला. सरळ बादलीने उपसू, म्हणाला. डोक्याने सावकाश असलेल्या माणसाला तेवढं सुचलं. एकीवाल्यांनी त्याचा पाय धरून त्याला खाली ओढला.

"समाईक वस्तू आहे रे, तोडमोड नको. आत्ता जोडतोच."

आत्ता जोडतोच! छप्पर पेटलं तेव्हाही ते तेच म्हणत होते. शिंपीण त्या गर्दीसमोर उभी राहिली आणि चारही बोलींत एकेकदा ओरडली, "बादल्या आणल्या का कोणी?" प्रत्येकाला आपल्या बोलीत कळलं. सगळे एकमेकांच्या हातांकडे बघायला लागले. एवढी माणसं, एवढ्या लांबून धावत आलेली, आणि एकाच्याही हातात बादली नव्हती. बादली आणायचं ठरलेलंच नव्हतं ना. ठरलं होतं ते पाइपाचं.

मग छप्पर कोसळलं. दोन वर्षांचं काम एका आवाजात खाली आलं. शिलाई मशीन त्याच्याखाली गेलं. सुतार उभा राहून बघत राहिला, आणि मग त्याने हातोडा उचलला. आता त्याला कोणी अडवलं नाही. त्याने माझ्या तोंडावरचा तो पितळी जोड घाव घालून तोडून टाकला. माझ्या पोटातलं सगळं पाणी भळाभळा वाहत सुटलं, लोकांच्या पायांतून वाट काढत निखाऱ्यांपर्यंत गेलं आणि तिथे थोडी वाफ झाली. मला ओरडता येत असतं तर मी ओरडलो असतो.

गर्दीला आता काय करावं ते कळेना. तेवढ्यात एक माणूस शिंपिणीजवळ आला आणि हळूच म्हणाला, माझा कोट होता, तो वाचला का? दुसऱ्याने लेकीच्या झग्याचं विचारलं. तिने गठ्ठ्यांकडे बोट दाखवलं. ते उकरून उकरून आपापले कपडे घेऊन गेले.

सुताराची आई तेव्हा पोचली. वरच्या गावाहून चालत, गुडघे धरत, हातात पाण्याची बादली. निम्मी वाटेत हिंदकळली होती. गर्दीला कोपरांनी ढकलत ती पुढे आली. घराचा उंबरा तेवढा अजून धुमसत होता. तिने उरलेलं पाणी त्याच्यावर ओतलं. चर्र आवाज आला आणि उंबरा विझला. त्या दिवशी कोणी आग विझवली असेल तर तेवढीच.

मग ती सुनेकडे वळली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चारही गावांसमोर दिलेला शब्द तिने चारही गावांसमोर मोडला.

"चल पोरी, घरी चल."

शिंपिणीचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. ती सासूकडे बघत राहिली. मग तिने मान वळवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली,

"बंबा, त्यांना सांग, घर हेच होतं."

म्हातारीचा चेहरा मी पाहिला, तो इथे सांगणार नाही. तिने बादली पालथी केली आणि त्या राखेशेजारी तिच्यावर बसली. मग मी इथेच बसते, म्हणाली. ती उठून परत वरच्या गावात गेलीच नाही.

समितीची बैठक पुढच्या आठवड्यात झाली. माझ्यासमोरच. सुताराला समाईक वस्तूची मोडतोड केल्याबद्दल समज देण्यात आली. आगीबद्दल पुष्कळ ऊहापोह होऊन असं ठरलं की ते घर चौघांपैकी कोणाच्याच हद्दीत नव्हतं, सबब समितीच्या हद्दीत आग लागलेलीच नाही. एकीवाल्यांना केवढं हायसं वाटलं. आमच्या चार गावांत आजवर एकच आग लागली आणि ती चौघांनी मिळून विझवली, हे वाक्य त्यांना पुढच्या भाषणातही वापरता येणार होतं. जोडांची मापं बघायला एक उपसमिती नेमली. तिच्यात चारही लोहार आहेत.

सुताराने त्याच जागी पुन्हा घर उभं केलं, आधीपेक्षा लहान. चूल भिंतीपासून लांब. या वेळी फळ्या धरायला म्हातारी होती आणि दर फळीगणिक तिच्या सूचनाही. शिंपीण हाताने शिवते, मशीन अजून झालेलं नाही. सुताराने माझ्या फुटक्या तोंडात लाकडाचं बूच ठोकलंय. बूच काढलं की पाणी येतं, त्यात कोणाचा मान नाही आणि कोणाचा तुकडा नाही. दोन्ही दांड्यांवर बादल्या टांगलेल्या असतात. म्हातारीने कुठून कुठून गोळा केल्या. सासूसुना आता एकमेकींशी सरळ बोलतात, म्हणजे बहुतेक वेळा भांडतात. माझ्याशी कोणी बोलत नाही. थोडं चुकल्यासारखं वाटतं, पण चालायचंच.

एवढ्यावर थांबलो असतो, पण परवा ते सगळे आले. एकीवाले आणि चार गावांचे चार पुढारी. समितीच्या स्थापनादिनाचा मोठा समारंभ करायचाय म्हणे. मला पुन्हा चार रंगांत रंगवून चौरस्त्याच्या मधोमध चौथऱ्यावर उभं करायचं, खाली चारही बोलींत "एकीचं प्रतीक" असं कोरायचं. शिंपीण सुई हातात धरून दारात आली. सुताराने रंधा खाली ठेवला. म्हातारी त्या आगीच्या दिवसापासून समितीच्या एकाही माणसाशी बोललेली नाही. ती उठली, माझ्या पोटावर हात ठेवला आणि इतक्या दिवसांनी पुन्हा माझ्याशी बोलली.

"बंबा, यांना सांग, न्यायचाच असेल तर चार तुकडे करून न्या. तुमची रीतच आहे ती."

मला वाटलं, आता तरी यांना लाज वाटेल. निदान खाली बघतील. पण मग वरच्या गावचा पुढारी माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, की तसंच असेल तर चाकं आम्हाला हवीत. खालचा म्हणाला, चाकं का म्हणून तुम्हाला? रानाकडचा काही बोलला नाही, पण त्याने एका दांड्याला हात घातला. नदीकाठचा म्हणाला, टाकीचं तांबं कोणाच्या वाट्याला येणार ते आधी ठरू द्या. माझ्यासमोर उभं राहून ते मला वाटून घ्यायला लागले, आणि वाटणीवरून बिनसल्यावर तणतणत निघून गेले. पुढच्या बैठकीत निर्णय व्हायचाय. निर्णय लवकर होणार नाही, या एकाच गोष्टीत मला या लोकांचा भरवसा आहे.

तर वाचकहो, तुम्ही कुठल्या गावचे, कुठली बोली बोलता, डोक्याला काय गुंडाळता, मला विचारायचं नाही. चौथऱ्यावर मला उभं केलेलं दिसलं तर हात जोडू नका, हार घालू नका. कुठे धूर दिसला तर मला बोलवायला येऊ नका, समितीलाही नको. येताना प्रत्येकाने आपापल्या घरची एक बादली घेऊन या, भरून.

पुरे झालं माझं. शिंपीण धुणं घेऊन आलीय आणि म्हातारी तिच्यावर करवादतेय की बंबाचं बूच घट्ट लाव, थेंब थेंब गळतंय.